तुरुंगातून अपील कसं करायचं

आधी निकालाची प्रत. कैदेची शिक्षा सुनावल्यावर ती आरोपीला लगेच आणि फुकट द्यावी लागते: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४०४. उच्च न्यायालयात अपिलाची मुदत ६० दिवस. फाशी असेल तर फक्त ३०. वकील नाही म्हणून थांबू नका. कलम ४२४ नुसार अर्ज आणि निकालाची प्रत तुरुंगाधिकाऱ्याकडे द्या, पुढे पाठवणं त्यांचं काम. घोळ होतो तो इथेच: कागद कधी दिला हे नंतर सिद्ध होत नाही. आपल्या प्रतीवर तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्याच. कैद्याला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. घरच्यांनी १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. शिक्षा स्थगितीचा, म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबवण्याचा अर्ज (कलम ४३०) सोबतच जोडा, नाहीतर सुनावणीची वाट बघण्यातच शिक्षा भोगून व्हायची.