लढाऊ विमानांचे सौदे समजून घेताना या चुका टाळा

‘अमुक देशाने तमुक लढाऊ विमान निवडले’ अशी बातमी आली की लगेच दोन हिशेब सुरू होतात. एकूण रकमेला विमानांच्या संख्येने भागून ‘केवढ्याला पडले’ ते काढायचे, आणि दोन विमानांचे तक्ते शेजारी ठेवून ‘खरे सरस कोणते’ ते ठरवायचे. दोन्ही हिशेब पाच मिनिटांत होतात आणि दोन्ही बहुतेक वेळा फसतात. कुठे फसतात, आणि आकडे जुळेनासे झाले तर काय तपासायचे, ते पाहू.

एकूण रक्कम भागिले विमाने

ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक. फिनलंडचे उदाहरण घ्या, कारण त्यांनी आपला हिशेब बराचसा उघड केला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी ६४ अमेरिकी एफ-३५ए विमाने निवडली. कार्यक्रमाची मंजूर मर्यादा होती १० अब्ज युरो. त्यातला विमानांचा भाग ४.७०३ अब्ज, हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रे सुमारे ७५ कोटी, देखभालीची उपकरणे, सुटे भाग, प्रशिक्षण आणि २०३० पर्यंतची सेवा २.९२ अब्ज. उरलेली रक्कम तळांवरची बांधकामे आणि नंतर घ्यायच्या शस्त्रांसाठी राखून ठेवली.

आता भागाकार करा. फक्त विमानांचा भाग घेतला तर एक विमान साधारण ७ कोटी ३५ लाख युरोला. शस्त्रे आणि देखभाल धरली तर १३ कोटींच्या वर. पूर्ण मर्यादा धरली तर साडेपंधरा कोटींहून जास्त. विमान तेच, करार तोच, किमती तीन. वाद घालणाऱ्यांपैकी एकाने पहिला आकडा धरलेला असतो आणि दुसऱ्याने तिसरा, म्हणून वाद संपत नाही.

भारताने सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेलसाठी केलेला करार ७.८७ अब्ज युरोंचा होता. सरळ भागले की जवळपास २२ कोटी युरो येतात आणि आरडाओरडा होतो. पण त्या रकमेत भारतासाठी केलेले खास बदल, मिटिऑर आणि स्काल्प क्षेपणास्त्रे, सुटे भाग, आणि ताफ्यातली ७५ टक्के विमाने उड्डाणासाठी तयार राहतील अशी पाच वर्षांची हमी होती. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या विभागणीत नुसत्या विमानाचा वाटा नऊ-साडेनऊ कोटी युरोंच्या आसपास दिसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये तुर्कीने ब्रिटनकडून २० टायफून लढाऊ विमाने घेण्याचा करार केला, तो ८ अब्ज पौंडांपर्यंतचा सांगितला गेला. हाही आकडा शस्त्रांसकटचा आहे. नुसत्या विमानाला कोणी ४० कोटी पौंड मोजत नाही.

किंमत तुलनेला घेण्यापूर्वी एवढे तपासा:

- शस्त्रे धरली आहेत का, आणि किती.
- सुटे भाग व देखभाल किती वर्षांची.
- सिम्युलेटर, वैमानिक-तंत्रज्ञांचे प्रशिक्षण, तळावरची बांधकामे आत आहेत की बाहेर.
- इंजिन धरले आहे का. एफ-३५चे इंजिन अमेरिकी सरकार वेगळ्या करारात घेते, त्यामुळे काही आकडे इंजिनाशिवायचे असतात.
- रक्कम कोणत्या चलनात आणि कोणत्या वर्षाच्या किमतींनी मांडली आहे.

यांपैकी दोन उत्तरेही मिळत नसतील तर तो आकडा तुलनेत घेऊच नका.

‘किंमत पक्की ठरली’ यावर विसंबणे

अमेरिकी विमाने बहुधा सरकार ते सरकार पद्धतीने विकली जातात. अमेरिकी सरकार कंपनीकडून विमान विकत घेते आणि गिऱ्हाईक देशाला देते, ना नफा ना तोटा. ऐकायला छान वाटते. पण याचा दुसरा अर्थ असा, की प्रत्यक्षात जो खर्च येईल तो गिऱ्हाइकाच्या माथी. कागदावरची रक्कम हा अंदाज असतो.

स्वित्झर्लंडला हे महागात पडले. २०२२ मध्ये त्यांनी ३६ एफ-३५ए सुमारे ६ अब्ज फ्रँकना घेण्याचा करार केला आणि जनतेला ठामपणे सांगितले की किंमत निश्चित आहे. २०२५ मध्ये अमेरिकेने कळवले की हा गैरसमज आहे. वाढलेला खर्च द्यावा लागेल. ६५ कोटी ते १.३ अब्ज डॉलर जादा लागतील असा अंदाज पुढे आला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्विस सरकारला मान्य करावे लागले की निश्चित किमतीचा आग्रह आता धरून चालणार नाही. कॅनडात ८८ एफ-३५चा आकडा जानेवारी २०२३ मध्ये १९ अब्ज कॅनेडियन डॉलर होता. तिथल्या महालेखापरीक्षकांच्या जून २०२५च्या अहवालात तो २७.७ अब्जांवर गेला होता. विमानांची संख्या एकानेही वाढली नव्हती.

म्हणून ‘निश्चित किंमत’ हे शब्द दिसले की आधी पाहा ते कोण म्हणते आहे, विकणारा की विकत घेणाऱ्या देशाचा मंत्री. मंत्र्याच्या बोलण्याला फारसे वजन देऊ नका.

मंजुरीला विक्री समजणे

‘अमेरिकेकडून अमुक देशाला विमानविक्रीस मंजुरी’ या मथळ्याखाली बहुधा अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेली एक सूचना असते. तिच्यातला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो आणि गिऱ्हाइकाने अजून काहीच ठरवलेले नसू शकते. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने फिनलंडसाठी एकाच दिवशी दोन सूचना दिल्या: ६४ एफ-३५ए, १२.५ अब्ज डॉलर. आणि सुपर हॉर्नेट व ग्राउलर मिळून ७२ विमाने, १४.७ अब्ज डॉलर. फिनलंड दोन्ही घेणार नव्हताच. स्पर्धा चालू होती आणि दोन्ही अमेरिकी उमेदवारांचे कागद तयार ठेवले होते, इतकेच. संयुक्त अरब अमिरातीसाठी त्याच वर्षी ५० एफ-३५ची १०.४ अब्ज डॉलरची सूचना निघाली. आजतागायत एकही विमान गेलेले नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अमिरातीने ८० राफेलचा करार केला आणि त्याच महिन्यात एफ-३५ची बोलणी थांबवली.

‘निवड झाली’ हीदेखील विक्री नव्हे. भारताने २००७ मध्ये १२६ विमानांसाठी निविदा काढली, सहा विमाने स्पर्धेत उतरली, बंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचा उन्हाळा आणि लेहची विरळ हवा अशा तिन्ही ठिकाणी चाचण्या झाल्या, जानेवारी २०१२ मध्ये राफेलची बोली सर्वांत कमी ठरली, आणि २०१५ मध्ये ती अख्खी प्रक्रिया गुंडाळली गेली. स्वित्झर्लंडने २०११ मध्ये स्वीडनचे ग्रिपेन विमान निवडले होते. मे २०१४च्या सार्वमतात ५३.४ टक्के मतदारांनी त्याच्या निधीला नकार दिला.

क्रम लक्षात ठेवा: निविदा, चाचण्या, निवड, वाटाघाटी, करारावर सह्या, पहिला हप्ता. पहिला हप्ता भरल्याची बातमी सहसा आतल्या पानावर चार ओळींत येते, आणि तीच खरी बातमी असते.

तक्त्यातले सगळे आकडे एकाच उड्डाणात मिळतील असे धरणे

राफेलचे अधिकृत आकडे घ्या. रिकामे वजन सुमारे १० टन, पोटातले इंधन ४.७ टन, बाहेर टांगायचे वजन ९.५ टन, कमाल उड्डाण-वजन २४.५ टन, वेग मॅक १.८, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या १.८ पट. बेरीज जमते, म्हणून ‘साडेनऊ टन शस्त्रे घेऊन जाते’ असे लिहून मोकळे होतात. पण बाहेरच्या इंधनटाक्याही त्या साडेनऊ टनांतच येतात. दोन हजार लिटरच्या एका टाकीत साधारण १.६ टन इंधन मावते. लांबच्या मोहिमेसाठी अशा तीन टाक्या लावल्या की ४.८ टन इंधनातच गेले. टाक्यांचे स्वतःचे वजन आणि त्या टांगायचे पायलॉन वजा करा. शस्त्रांसाठी उरतात जेमतेम चार-साडेचार टन. आणि एवढा पसारा पंखाखाली लटकत असताना मॅक १.८ विसरा, तो वेग जवळजवळ मोकळ्या विमानाचा.

पल्ल्याचेही तसेच. एका तळावरून दुसऱ्या तळावर नुसते पोहोचण्याचे अंतर एका विमानाचे आणि शस्त्रांसह जाऊन परत येण्याचे अंतर दुसऱ्याचे, अशी तुलना इंटरनेटवर सर्रास सापडते. कोणते भारमान, किती उंची, बाहेरच्या टाक्या किती, लक्ष्यावर किती मिनिटे, हे चार तपशील नसतील तर पल्ल्याचा आकडा निरुपयोगी आहे.

वायुदले तक्ता पाहून निवड करतही नाहीत. फिनलंडने पुरवठ्याची हमी, उद्योगांचा सहभाग आणि परवडणारा खर्च या तीन गोष्टींना गुणच ठेवले नव्हते. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, बस्स. गुण होते ते लढाऊ क्षमतेला. त्यातही एकट्या विमानाला नव्हे, तर शस्त्रे आणि संवेदकांसह त्यांच्या स्वतःच्या युद्धप्रसंगांत काय घडते त्याला.

नाव एक म्हणजे विमान एक

ऑस्ट्रियाचे टायफून आणि आज तुर्की घेते आहे ते टायफून यांत नावाखेरीज साम्य बेताचेच. ऑस्ट्रियाने २००३ मध्ये १८ विमाने मागवली. २००७ मध्ये खर्च कमी करायला संख्या १५वर आणली, त्यांतली काही जर्मनीची वापरलेली, सगळी पहिल्या ट्रांचची (उत्पादनाच्या टप्प्याची), आणि इन्फ्रारेड शोधयंत्र व स्वसंरक्षण प्रणाली काढून टाकलेली. अशा विमानावरून ‘टायफून कमकुवत’ असा निष्कर्ष काढणे हा त्या विमानावर अन्याय. तुलना करताना ट्रांच, ब्लॉक किंवा आवृत्ती लिहा. राफेल असेल तर एफ३-आर की एफ४, तेही.

विकणारा एकटाच आहे असे समजणे

सौदे मोडण्यामागचे हे सर्वांत दुर्लक्षित कारण. ग्रिपेन ई स्वीडनचे, पण इंजिन अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकचे एफ४१४, आसन ब्रिटिश मार्टिन-बेकरचे. म्हणजे स्वीडनने होकार दिला तरी वॉशिंग्टन आणि लंडनची दारे ठोठावावी लागतात. टायफून चार देशांचे. जर्मनीने सौदी अरेबियाच्या नव्या मागणीला अनेक वर्षे अडवून धरले आणि जानेवारी २०२४ मध्ये वाट मोकळी केली.

क्रोएशियाने २०१८ मध्ये इस्रायलकडून जुनी १२ एफ-१६ घ्यायचे ठरवले. त्यांचे खरे आकर्षण इस्रायलने बसवलेली इलेक्ट्रॉनिक्स. अमेरिकेने अट घातली की विमाने मूळ स्वरूपात आणूनच द्यायची. म्हणजे ज्यासाठी घ्यायची तेच काढून. जानेवारी २०१९ मध्ये सौदा बारगळला आणि क्रोएशियाने पुढे फ्रान्सकडून १२ वापरलेली राफेल घेतली. अर्जेंटिनाला दक्षिण कोरियाचे एफए-५० हवे होते. २०२०मध्ये कोरियन कंपनीने कळवले की विमानातले सहा प्रमुख घटक ब्रिटिश आहेत आणि अर्जेंटिनाला शस्त्रे देण्यावरचा ब्रिटनचा निर्बंध अजून उठलेला नाही. शेवटी २०२४ मध्ये अर्जेंटिनाने डेन्मार्ककडून वापरलेली २४ एफ-१६ घेतली. इजिप्तच्या राफेलच्या बाबतीत तर विमान नव्हे, त्याखाली लागणारे स्काल्प क्षेपणास्त्र अडले, कारण त्यात एक अमेरिकी भाग होता.

तपासायची रीत सोपी आहे. इंजिन, इजेक्शन सीट, रडार, मुख्य क्षेपणास्त्र, या चौघांचा मूळ देश लिहून काढा. त्यांतल्या एकाशी जरी गिऱ्हाईक देशाचे वाकडे असेल तर ‘सौदा जवळपास पक्का’ या बातमीपुढे प्रश्नचिन्ह लावा. रशियन विमान असेल तर रशियन शस्त्रे घेणाऱ्यांवर लागू होणारा अमेरिकी निर्बंधांचा कायदाही जोडीला घ्या; इंडोनेशियाने २०१८ मध्ये ११ सुखोई-३५चा करार करूनही ती विमाने आली नाहीत.

तंत्रज्ञान हस्तांतरण म्हणजे स्वस्त उत्पादन

१२६ विमानांच्या भारतीय सौद्यात १८ तयार विमाने येणार होती आणि १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये बनणार होती. वाटाघाटी जिथे रुतल्या त्या जागा दोन: भारतात बनलेल्या विमानांची हमी कोणी घ्यायची, आणि मनुष्यतास किती लागणार. भारतीय बाजूचा मनुष्यतासांचा अंदाज फ्रेंच कंपनीच्या अंदाजाच्या २.७ पट निघाला. पुढे जाऊन हा वाद निघणार हे निविदा लिहितानाच दिसायला हवे होते. ‘तंत्रज्ञान हस्तांतरण’ वाचले की विचारा, जुळणी करणार, सुटे भाग बनवणार, की नवे शस्त्र स्वतः जोडता येईल इतका सॉफ्टवेअरचा ताबा मिळणार? तिसरे क्वचितच मिळते.

पोचण्याच्या तारखेवर विश्वास ठेवणे

कंपनीची शिल्लक मागणी भागिले वर्षाला होणारी पोच, हा एक भागाकार मात्र जरूर करा. २०२४ अखेर राफेल बनवणाऱ्या दासो कंपनीच्या वहीत २२० राफेल शिल्लक होती आणि त्या वर्षी पोच झाली २१ विमानांची. वेग वाढवला तरी नव्या गिऱ्हाइकाला रांगेत उभे राहावेच लागणार, किंवा विकणाऱ्या देशाने आपल्याच वायुदलातली विमाने काढून द्यायची, जसे फ्रान्सने ग्रीस आणि क्रोएशियासाठी केले. विमानाचा सांगाडा तयार असूनही तारीख चुकते तेव्हा आधी इंजिनाकडे पाहा. तेजस मार्क-१ए चा करार फेब्रुवारी २०२१चा. पोच मार्च २०२४ पासून ठरलेली. आणि त्यासाठीचे पहिले एफ४०४ इंजिन अमेरिकेतून निघाले ते २०२५ मध्ये.