वाळूत गाडी शिकायला गटाने जाताना

फोर-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी घेतली की ती वाळूत आपोआप चालते, हा समज पहिल्या अर्ध्या तासात गळून पडतो. गटाला घेऊन वाळूत जाते तेव्हा मी रांगेतल्या शेवटच्या गाडीत असते. पुढे कोणाचं काय चुकतंय ते तिथून नीट दिसतं, आणि रुतलेल्या गाडीपाशी फावडं घेऊन जाण्याचं कामही बहुतेक माझ्याच वाट्याला येतं. एवढं बघून माझं एक ठाम मत झालंय. वाळूतलं निम्मं शिक्षण म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय कधी उचलायचा, हे कळणं. टेकड्या चढणं, फोटो, व्हिडिओ हे सगळं त्यानंतर.

एकट्या गाडीने वाळूत जाऊच नका. दोन गाड्या म्हणजे किमान गरज. शिकण्याच्या दिवसासाठी पाच-सहा गाड्या उत्तम. आठ-दहा झाल्या की लोक गाडीत कमी आणि उन्हात ताटकळत जास्त राहतात. वाट माहीत असलेला माणूस सर्वांत पुढे, सोडवायला येणारा सर्वांत मागे आणि नवखे मधे. ज्याची गाडी सर्वांत महाग, तो पुढे जायचा हट्ट धरतो. त्याचं ऐकू नका.

प्रत्येक गाडीत फावडं हवं, लांब दांड्याचं. हवेचा दाब मोजायचा गेज हवा, तोही कमी दाब अचूक दाखवणारा. कंप्रेसर गटात निदान दोन हवेत. रुतलेल्या चाकाखाली सारायच्या पट्ट्या, रुतलेली गाडी ओढून काढायचा एक चांगला रिकव्हरी दोर, तो गाडीला अडकवायची लोखंडी कडी म्हणजे शॅकल, सगळ्यांना एका चॅनेलवर ऐकू येणारे वॉकीटॉकी आणि माणशी भरपूर पाणी, एवढं असलं की दिवस निभावतो. टेकड्यांचा भाग असेल तर गाडीला उंच काठीवर झेंडा लावा. पलीकडून येणाऱ्याला तुमची गाडी दिसायच्या आधी तो झेंडा दिसतो, आणि दोन गाड्या माथ्यावर समोरासमोर यायचा धोका टळतो. गाडीतल्या सुट्या वस्तू बांधून टाका. मागच्या सीटवर मोकळा पडलेला जॅक पहिल्या धक्क्याला पुढे येतो. इंधन रस्त्यावरच्यापेक्षा बरंच जास्त लागतं, तेव्हा टाकी भरूनच या.

एक काम मात्र घरीच करून या. गाडीच्या मॅन्युअलमध्ये पुढचा आणि मागचा रिकव्हरी पॉइंट, म्हणजे ओढायचा दोर लावायची मजबूत जागा, शोधा आणि त्याला हात लावून बघा. गाडी ट्रकवर चढवल्यावर बांधून ठेवण्यासाठी खाली जे पातळ कडं असतं, ते ओढण्यासाठी नसतं. वाळूत गाडी पोटापर्यंत बसल्यावर वाकून हे शोधत बसणं फार वाईट.

आधी हवा काढा

वाळू सुरू व्हायच्या आधी टणक जागेवर सगळ्यांनी थांबायचं आणि टायरमधली हवा कमी करायची. यावर वाद घालणारा एक जण प्रत्येक गटात असतो: "माझी गाडी दमदार आहे, जाईल तशीच." दम इंजिनात असतो. वाळूला टेकतो तो टायर.

रस्त्यावर टायरमधल्या हवेचा दाब ३२ ते ३५ पीएसआय (दाब मोजायचं एकक) असेल तर सुरुवातीला १८ वर आणा. वाळू फारच भुसभुशीत असेल तर १५. गाडी जड असेल, सामान जास्त असेल तर एक-दोन वर ठेवा. रस्त्यावरून आल्या आल्या टायर तापलेले असतात आणि गेज तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, हे लक्षात घ्या. १० च्या खाली जाऊ नका. तिथे वळताना टायर रिमवरून निसटू शकतो, आणि तो पुन्हा बसवणं नवख्याचं काम नाही.

हवा सोडताना उभं राहून गप्पा मारू नका, टायरपाशी बसून बघा. व्हॉल्व्हमधून फुस्स करून वारा सुटतो, बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं. मग टायरची खालची कड हळूहळू बाहेर फुगायला लागते. बहुतेकांना वाटतं की टायर रुंद झाला म्हणून गाडी तरते. रुंदी जराशीच वाढते, खरी वाढते ती लांबी. जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे लांब होतो, गाडीचं वजन त्यावर पसरतं आणि चाक वाळूत खड्डा न करता तिच्यावरून जातं. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एकच गाडी आधी भरल्या हवेने आणि मग हवा काढून चार-पाच मीटर चालवा, आणि दोन्ही माग शेजारी उभं राहून बघा. पहिला माग खोल, कडा ढासळलेल्या. दुसऱ्यात टायरची नक्षी उमटलेली दिसते. माझ्या गटात हे प्रात्यक्षिक झालं की हवेवरचा वाद संपतो.

ही युक्ती जुनी आहे. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनिअर १९२० च्या दशकाच्या शेवटी आणि १९३० च्या दशकात इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड गाड्या घेऊन फिरत होता. त्या गाड्यांना फोर-व्हील-ड्राइव्ह नव्हतं. टायरची हवा कमी करायची आणि रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी घालायच्या, यावर तो वाळूचे समुद्र ओलांडून गेला. १९४० मध्ये त्याने उभारलेल्या लाँग रेंज डेझर्ट ग्रुप या सैनिकी तुकडीने दुसऱ्या महायुद्धात हीच पद्धत वापरली. आज आपण चाकाखाली सारतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या म्हणजे त्या पन्हळींचं हलकं रूप.

हवा कमी असताना वेग आवरा. दाब १५-१८ असताना ताशी ४० किलोमीटरच्या आसपास राहा आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. मऊ टायर वेगात तापतो आणि आतून फाटतो.

गाडीला गप्प करा

फोर-व्हील हाय लावा, म्हणजे चारही चाकांना ताकद, पण गिअर नेहमीच्या वेगाचे. ज्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल आणि स्टॅबिलिटी कंट्रोल असतं, तिथे ते बंद करा. चाक जरा फिरलं की ही यंत्रणा आपणहून ताकद कमी करते. रस्त्यावर तो जीव वाचवणारा गुण आहे. वाळूत मात्र चढाच्या मधोमध नेमकी हवी तेव्हा ताकद जाते. काही गाड्यांत बटण एकदा दाबून ते पूर्ण बंद होत नाही, काही सेकंद दाबून धरावं लागतं. काहींत ‘सँड’ मोड असतो, तो वापरा. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारी गिअरची पायरी, राखून ठेवा: तीव्र उतार, रुतल्यावर बाहेर निघणं, अगदी मऊ वाळूत सुरुवात करणं यासाठी.

सीट नेहमीपेक्षा थोडी पुढे, पट्टा घट्ट. अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका, कडेवर ठेवा. चाक एखाद्या खाचेत आपटलं की स्टिअरिंग फिरतं आणि अंगठ्याला मार बसतो.

आता चालवायचं कसं? सुरुवात हलक्या पायाने, मग वेग हळूहळू वाढवायचा आणि तो टिकवायचा. पुढच्याचा माग असेल तर त्यातूनच जा, तिथली वाळू थोडी दबलेली असते. वळण मोठं घ्या. पुढची चाकं जास्त वळवलीत की ती नांगरासारखी वाळू ढकलायला लागतात आणि गाडी मरगळते. थांबताना ब्रेक दाबू नका. दाबलात की चाकापुढे वाळूचा ढीग जमतो आणि निघताना आधी तोच चढावा लागतो. पाय उचला, गाडी आपणच थांबते. जमेल तेव्हा उताराकडे तोंड करून थांबा.

मुद्दाम रुतवा

सकाळच्या सत्रात मी प्रत्येकाला सपाट जागेवर गाडी मुद्दाम रुतवायला लावते. लोक हसतात, पण दिवसातला सर्वांत कामाचा धडा हाच. गाडी रुतायच्या आधी काय सांगते, ते भीती नसताना ऐकून घ्यायचं. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही. पुढचा भाग किंचित उचलल्यासारखा वाटतो. बसल्या जागी बारीक थरथर जाणवते. तो क्षण ओळखा आणि पाय उचला. त्या वेळी चाक बोटभरच खाली गेलेलं असतं. आपल्याच मागावर रिव्हर्स घेतलात तर दहापैकी आठ वेळा गाडी निघते. ‘निघेल, निघेल’ म्हणत आणखी पाच सेकंद रेस केलीत की गाडी पोटावर बसते, आणि मग अर्ध्या तासाची खोदाई.

एका गटात एक गृहस्थ होते. फार शांत, काही विचारायचे नाहीत. चाकं गरगरायला लागली की मात्र त्यांचा पाय आपोआप खालीच जायचा. शेवटी मी त्यांना उजवा बूट काढून चालवायला सांगितलं. सपाट वाळूवरच, अगदी हळू. मोज्यातल्या पायाला पेडल जास्त कळतं. तिसऱ्या फेरीला ते स्वतःहून थांबले, खाली उतरले, चाकाकडे बघितलं आणि रिव्हर्स घेऊन निघून गेले. मग बूट परत चढवून दिवसभर चालवलं.

पोटावर बसलेली गाडी सोडवायची ती क्रमाने. आधी उतरून चारही चाकं बघा. मग खोदा, आणि खोदायचं ते चाकाच्या ज्या बाजूला जायचं त्या बाजूला. सोबत पोटाखालची वाळू काढा, कारण वजन तिथेच अडकलेलं असतं. हवा आणखी दोन-तीन पीएसआय कमी करा. चाकाला टेकवून पट्ट्या सारा. पट्टीवर चाक गरगर फिरवलंत तर प्लास्टिक वितळतं आणि पट्टी मागे भिरकावली जाते, म्हणून मागे कोणी उभं नको. एवढं केल्यावर बहुतेक गाड्या दोराविना निघतात. पण लोकांना दोराची घाई असते, कारण त्यात गंमत वाटते.

दोर लावायचा तर

इथे मी आवाज चढवते. नायलॉनचा काइनेटिक दोर ओढल्यावर सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि त्या ताणाच्या जोरावर गाडी बाहेर येते. तोच जोर तुटलेल्या लोखंडालाही मिळतो. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर कधीही लावू नका. तो गोळा तुटून गोळीसारखा सुटतो, माणसं दगावली आहेत. फक्त रिकव्हरी पॉइंट, फक्त क्षमता लिहिलेलं शॅकल. दोरावर मधोमध जड चादर किंवा पिशवी टाका. बाकी सगळे दोराच्या लांबीच्या दीडपट लांब, तेही बाजूला. दोराला ओलांडून कोणी जायचं नाही. इशारे देणारा माणूस एकच. दहा जण हात हलवायला लागले की ड्रायव्हर कोणाचंच बघत नाही.

टेकड्या दुपारनंतर, पण उशिरा

सकाळची वाळू थंड आणि किंचित ओलसर असल्याने जरा घट्ट असते, म्हणून नवख्यांचे पहिले धडे सकाळी. भर दुपारी वाळू सुकून मोकळी होते. त्याहून वाईट म्हणजे डोक्यावरच्या उन्हात सावल्या नसतात आणि समोरचा खड्डा सपाट दिसतो. ती वेळ आराम करण्यात आणि हवा तपासण्यात घालवा. ऊन कललं की उंचसखल पुन्हा स्पष्ट दिसतं.

टेकडीची वाऱ्याकडची बाजू लांब, मंद चढाची आणि बरीच दबलेली असते. पाठीमागची बाजू ढासळती, कोरडी वाळू जितकी टिकू शकते तितक्या उताराची, म्हणजे ३२ ते ३४ अंशांच्या आसपास. चढायचं पहिल्या बाजूने, आणि माथ्यापलीकडे काय आहे ते आधी पायी जाऊन बघायचं. यात आळस नको. चढताना सरळ चढा, वेग पायथ्याशी घ्या, माथा जवळ येताच पाय उचला, म्हणजे गाडी माथ्यावर अलगद येऊन टेकते. अर्ध्यात वेग गेला तर वळू नका. गाडी आडवी झाली की उलटते. रिव्हर्स टाका आणि आलात त्याच मागाने सरळ खाली या.

उतरतानाही नाक सरळ खाली. लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर, ब्रेकला जवळपास हात नाही. मागचा भाग एका बाजूला सरकायला लागला तर घाबरून ब्रेक मारू नका. स्टिअरिंग उताराच्या दिशेने वळवा आणि थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडी सरळ होते. मनाविरुद्ध वाटतं, म्हणून आधी छोट्या उतारावर करून बघा. एका वेळी टेकडीवर एकच गाडी. पुढचा वॉकीटॉकीवर "मोकळं" म्हणेपर्यंत मागच्याने इंजिनही तापवू नये.

तापण्यावरून आठवलं. ऑटोमॅटिक गाड्यांचा गिअरबॉक्स वाळूत लवकर तापतो. इशारा दिवा लागला तर इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये थोडा वेळ उभे राहा.

समुद्रकिनारी जात असाल तर भरती-ओहोटीची वेळ बघून, ओहोटीच्या आगेमागे जा. पाण्यालगतची चकाकणारी ओली वाळू घट्ट वाटते, पण तिथे गाडी खचली आणि भरती आली तर वेळ संपतो. जिथे गाडी न्यायची परवानगी आहे तिथेच न्या. कासवं आणि पक्षी अंडी घालतात ती जागा, झुडपं उगवलेल्या टेकड्या यांवर चाक नको.

परतताना टणक जागेवर पुन्हा थांबा आणि रस्त्यावरचा दाब भरा. सगळे दमलेले असतात, कोणीतरी म्हणतं, "पुढच्या पंपावर भरू." नको. कमी हवेच्या टायरवर हमरस्त्याच्या वेगाने जाणं हा त्या दिवसातला सर्वांत मोठा धोका ठरू शकतो. चार कंप्रेसर असतील तर वेळही फार लागत नाही. ट्रॅक्शन आणि स्टॅबिलिटी कंट्रोल परत चालू करा, फोर-व्हीलमधून गाडी काढा, चाकाचे नट तपासा.

घरी गेल्यावर गाडी खालून धुवा, समुद्रावर गेला असाल तर त्याच दिवशी. एअर फिल्टर काढून झटका. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबल्यावर करकर ऐकू आली तर बहुतेक डिस्क आणि पॅडमध्ये वाळू असते. चाकाच्या आतल्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा. तरीही आवाज गेला नाही, तर चाक खोलून बघा.