विंडोज १० टाकल्यावर शेजारचे विंडोज ७ रुसले, तर

पेजमेकर या पाने लावायच्या प्रोग्रामच्या जुन्या फायली, डोंगलवर (पोर्टात लावायची परवान्याची किल्ली) चालणारी श्रीलिपी ही फॉन्टप्रणाली, नवा ड्रायव्हर कधीच न निघालेला स्कॅनर. अशा कारणांसाठी डीटीपीवाल्यांकडे (छपाईची पाने संगणकावर लावणाऱ्यांकडे) एका पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एका स्वतंत्र भागावर, विंडोज ७ अजून टिकून असते. दुसऱ्या पार्टिशनवरचे ८.१ अपग्रेड करून १० केले की सातच्या तक्रारी सुरू होतात, आणि लगेच कोणीतरी सांगतो, ‘फॉरमॅट मारा.’ मारू नका. बहुतेक वेळा सातला काहीच झालेले नसते. दोष असतो दहा ज्या पद्धतीने बंद होते त्यात.

बॅकअप घेतलेला आहे असे धरून पुढे चालतो.

आधी मेनू. अपग्रेडनंतर मशीन सुरू होताना कोणते विंडोज हवे ते विचारणारा निळा मेनू येतो, सात निवडले की मशीन पुन्हा रीस्टार्ट होते आणि मग कुठे सात उघडते. हा बिघाड नाही. तो मेनू दाखवण्यासाठी दहा आधी अर्धेअधिक लोड होते. दहामध्ये एमएसकॉन्फिग (विंडोज सुरू होण्याच्या सेटिंग्जचा प्रोग्राम) उघडा, बूट टॅबवर विंडोज ७ निवडून ‘सेट ॲज डीफॉल्ट’ दाबा, टाइमआउट १० सेकंद ठेवा. सात डीफॉल्ट झाले की जुना काळा मेनू परत येतो आणि दुहेरी रीस्टार्ट थांबते.

बूट टॅबवर सातचे नावच नसेल, तर सातची डीव्हीडी घालून स्टार्टअप रिपेअर चालवू नका. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि सर्रास घात करतो. नवा बूट मॅनेजर (विंडोज उठवणारा छोटा प्रोग्राम) जुने विंडोज उठवू शकतो, जुना बूट मॅनेजर नवे उठवू शकत नाही. सातचा बूट मॅनेजर वर बसला की सात सुरू होईल आणि दहा सही पडताळता येत नसल्याचे सांगून ०एक्ससी००००४२८ वर अडेल. त्यापेक्षा दहामध्ये ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. सातचे पार्टिशन तिथे डी दिसत असेल तर ‘बीसीडीबूट डी:\विंडोज’ (टाइप अर्थात इंग्रजी अक्षरांत), आणि त्यानंतर लगेच दहाच्या पार्टिशनसाठी ‘बीसीडीबूट सी:\विंडोज’. क्रम हाच ठेवा, म्हणजे शेवटी नवाच बूट मॅनेजर जागेवर राहतो. मग डीफॉल्ट पुन्हा एमएसकॉन्फिगमधून लावा.

आता खरे दुखणे. सात सुरू करताना दर वेळी काळ्या पडद्यावर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) येते, ‘डिस्क तपासणे टाळायचे असल्यास १० सेकंदांत कोणतीही कळ दाबा’ अशी इंग्रजी ओळ आणि उलटी मोजणी. लोक चहा आणायला जातात आणि ते चालू देतात. इथेच फायली जातात.

कारण फास्ट स्टार्टअप. दहामध्ये ‘शटडाउन’ दाबले की ते पूर्ण बंद होत नाही. कर्नेल, म्हणजे विंडोजचा गाभा, हायबरनेट करून (आहे त्या स्थितीत डिस्कवर साठवून) ठेवते आणि डिस्कचा हिशेब त्या हायबरनेशन फायलीत अडकून राहतो. शिवाय विंडोज ८ पासून एनटीएफएसच्या (विंडोजची डिस्कवर फायली ठेवण्याची पद्धत) लॉगची, म्हणजे बदलांच्या नोंदवहीची, आवृत्ती २.० आहे, सातला फक्त १.१ कळते. दहा व्यवस्थित बंद झाले तर जाताना लॉग १.१ करून जाते, अर्धवट बंद झाले तर तसाच सोडते. सातला वाटते डिस्क बिघडली, आणि ते ‘दुरुस्ती’ करते. मग दहा उठते, आपल्या जुन्या हिशेबावर विसंबून लिहू लागते. दोघांनी एकाच खातेवहीत एकमेकांना न विचारता खाडाखोड करावी, तशी गत होते. ड्राइव्हवर ‘फाउंड.०००’ नावाचे लपलेले फोल्डर आणि त्यात ‘.सीएचके’ फायली दिसल्या, तर हे घडून गेलेले आहे.

म्हणून ती ओळ दिसली की कळ दाबा, तपासणी टाळा, दहामध्ये परत जा. कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. वरची ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’ ही ओळ दाबल्याशिवाय खालच्या खुणा हलत नाहीत. फास्ट स्टार्टअपची खूण काढा, हायबरनेटची असेल तर तीही काढा. सेव्ह करून एकदा रीस्टार्ट करा, शटडाउन नाही. रीस्टार्टमध्ये दहा पूर्ण बंद होते. डिस्क तपासायची असेल तर दहामधूनच तपासा: ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. त्यानंतर सात उघडा. चेकडिस्क आले नाही, तर काम झाले.

सातमध्ये ‘सीएचकेएनटीएफएस’ ही कमांड वापरून त्या ड्राइव्हची तपासणीच बंद करा, असाही एक लाडका उपाय फिरतो. त्याने फक्त इशारा बंद होतो, फायली जायच्या त्या जातातच. आणि सात हायबरनेट करून दहामध्ये शिरणेही तितकेच वाईट.

दहाचे मोठे अपडेट टाकायचे असेल तर दोन गोष्टी. सात डीफॉल्ट असेल तर अपडेटच्या मधल्या रीस्टार्टला मशीन सातमध्ये जाऊन बसते आणि अपडेट अर्धवट लटकते. म्हणून त्याआधी तात्पुरते दहा डीफॉल्ट करा. अपडेट संपल्यावर फास्ट स्टार्टअपची खूण पुन्हा पाहा, ती परत लागलेली सापडते.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ४५० ते ५०० एमबीचे नवे रिकव्हरी पार्टिशन दिसले तर ते अपग्रेडने केलेले आहे. उडवू नका. त्याला ड्राइव्ह लेटर मिळाले असेल तर फक्त लेटर काढा.

अपग्रेडच्या धांदलीत कोणी बायोसही (मदरबोर्डवरचा, मशीन सुरू करणारा प्रोग्राम) अपडेट केला असेल, तर सेटिंग्ज मूळपदावर गेलेल्या असू शकतात. त्यातच सातसाठी सिक्युअर बूट (फक्त सही पडताळलेले सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद हवे; यूईएफआय मशीनवर, म्हणजे नव्या प्रकारच्या बायोसच्या मशीनवर, सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) चालू हवे, नाहीतर सात सुरुवातीच्या लोगोवरच गोठते. डोंगल दिसेनासे झाले तर ड्रायव्हर उपसण्याआधी ते यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावून पाहा. सातमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर मुळात नसतो.

सातला इंटरनेट देऊ नका. त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, क्रोमही १०९ व्या आवृत्तीवर थांबले. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडाप्टर डिसेबल करा. दहामध्ये नेट चालूच राहील, कारण ही सेटिंग फक्त सातपुरती असते.