शिकाऱ्याची दुर्बीण आणि खानापूरचं जंगल: काय घ्यावं, काय सोडावं

झाइस, स्वारोव्स्की, लायका या कंपन्या बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीही बनवतात. त्यामुळे त्यांच्या कॅटलॉगमधले बरेच गुण शिकाऱ्याच्या सोयीचे असतात. युरोपातला शिकारी तिन्हीसांजेला मचाणावर बसून दूरच्या कुरणाची कड न्याहाळतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय मिटला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या दाट झाडीत पक्षी दिसतो तो दहा-पंधरा मीटरवर, तोही पानाआड.

म्हणून ८×५६ चा मोह टाळा (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). ५६ ला ८ ने भागलं की ७ मिमी येतात, तेवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यापाशी पोचतो. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या डोळ्याची बाहुली अंधारातही तेवढी उघडत नाही. म्हणजे जास्तीचा प्रकाश वाया आणि किलोभर वजन गळ्यात. ८×४२ मध्ये सव्वापाच मिमी मिळतात, पावसाळी रानाला ते पुरतात. हिडकल धरणाच्या पाणवठ्यावर लांबची बदकं पाहायची असतील तरच १०×४२. त्यात हाताची थरथर जास्त जाणवते.

जवळचा फोकस जरूर तपासा. झाइसच्याच व्हिक्टरी मालिकेत शिकाऱ्यांसाठीची एचटी ८×५४ साडेतीन मीटरच्या अलीकडचं स्पष्ट दाखवत नाही, पक्षीनिरीक्षकांची एसएफ ८×४२ दीड मीटरपर्यंत येते. फुलपाखरं पाहणाऱ्याला हा फरक मोठा. लेझरने अंतर मोजणारं मॉडेल तर नकोच: झाडीत लेझर मधल्या पानावरच आपटतो आणि पैसे मात्र जास्त.

दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा. नेत्रिकेतलं (डोळा लावायच्या भिंगातलं) प्रकाशाचं वर्तुळ कडेला कापल्यासारखं चौकोनी दिसलं, तर आतले प्रिझम (प्रतिमा सरळ करणाऱ्या काचा) हलक्या प्रतीच्या काचेचे. मग समोरच्या विजेच्या तारेवर रोखून दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा सेंमी मागे न्या. दोन्ही बाजूंची तार एका रेषेत न राहता पायरी पडली, तर प्रिझम सरकलेत. अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोकं दुखवते. सेकंडहँड असेल तर पुढच्या भिंगातून टॉर्च मारा; कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी.

घरी आणल्यावर उजवं भिंग झाकणाने बंद करा, डाव्या डोळ्याने लांबची पाटी मधल्या चाकाने स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका आणि फक्त उजव्या नेत्रिकेची डायॉप्टर रिंग (दोन डोळ्यांच्या नंबरातला फरक भरून काढणारं कडं) फिरवा. इथे पुन्हा मधलं चाक फिरवलं की सगळं बिघडतं. डोळा मिचकावूनही करू नका, उघडा डोळाही ताणला जाऊन फोकस चुकतो.

तांबड्या मातीची धूळ आधी ब्लोअरने उडवा. सदऱ्याच्या टोकाने पुसलं की काचेवरचा लेप ओरखडतो. जून ते सप्टेंबर दुर्बीण चामड्याच्या केसात ठेवू नका, ते ओल धरतं. ओली झाली तर पुसून आधी उघड्यावर वाळवा, मग हवाबंद डब्यात शंभर ग्रॅम सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) सोबत ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून सुकवा. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीलाही हे लागू आहे, कारण नायट्रोजन आतली भिंगं राखतो, बाहेरच्या काचेवर बुरशी चढतेच. तिने एकदा लेप खाल्ला की पुसून काही परत येत नाही.