नियम लिहिताना ‘डाव’ नडला

पटावरचा माझा पहिला खेळ तयार झाला तेव्हा नियम लिहायला एक संध्याकाळ पुरेल असं वाटलं होतं. ती पुस्तिका पुढे अकरा वेळा लिहावी लागली.

पहिल्या चाचणीला खेळ कधीच न पाहिलेले चार जण बसवले आणि मी कोपऱ्यात गप्प बसले. पुस्तिकेत वाक्य होतं, ‘डाव संपला की दोन पत्ते उचला.’ एकीने स्वतःची सोंगटी हलवून झाल्याबरोबर पत्ते उचलले. दुसरा म्हणाला, थांब, आधी सगळ्यांचं खेळून होऊ दे. तिसऱ्याला कळेना, अख्खा खेळ संपल्यावर पत्ते उचलून करायचं काय? तिघांचंही बरोबर होतं, कारण आपण ‘डाव’ हा शब्द तिन्ही अर्थांनी वापरतो. त्या रात्री मी तो शब्दच काढून टाकला. एकाने खेळायचं ती ‘पाळी’, सगळ्यांची एकेक पाळी झाली की ‘फेरी’, आणि मांडणीपासून निकालापर्यंतचा तो ‘खेळ’.

म्हणून नवीन लिहिणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हे की, नियमांआधी शब्दांची यादी करा. एका वस्तूला एकच नाव. शाळेत निबंधात तोच शब्द पुन्हा आला की खटकायचं. इथे तो पुन्हा यायलाच हवा. पहिल्या पानावरची ‘सोंगटी’ चौथ्या पानावर ‘मोहरा’ झाली, तर वाचणारा डब्यात दुसरी वस्तू शोधू लागतो.

क्रियापदांचंही तसंच. ‘पत्ता उचलता येतो’ आणि ‘पत्ता उचलायचाच’ यांत खेळ बदलतो. ‘शेजारचं घर’ लिहिलंत तर तिरकं घर त्यात धरायचं की नाही, हे तिथेच सांगा, शक्यतो चित्र काढून.

क्रम सोपा आहे: जिंकायचं कसं, मांडणी, पाळीत काय करायचं, खेळ कधी संपतो, बरोबरी झाली तर काय. पत्त्यांची गड्डी संपली तर काय, हे मात्र मी साफ विसरले होते.

नियम कुठे लिहिला आहे यालाही फार महत्त्व आहे. मोनोपॉलीत खेळाडूने जागा विकत घेतली नाही, तर बँकेने तिचा लिलाव करायचा असतो. नियम छापलेला आहे, तरी कितीतरी जण तो कधीच खेळत नाहीत. मग जागा पडून राहतात आणि खेळ लांबतो. बरेचसे खेळ आपण पुस्तिका वाचून नव्हे, कुणाच्या तरी तोंडून शिकतो. म्हणून असा नियम ज्या क्षणी लागतो तिथेच असावा, जमलं तर पटावर किंवा पत्त्यावरच छापावा.

चाचणीत कुणी अडलं की तोंड उघडायचा मोह होतो. उघडू नका, कारण डब्याबरोबर तुम्ही जाणार नाही. कुणाचं बोट कोणत्या पानावर घुटमळतं ते पाहा, आणि प्रश्न ज्या शब्दांत विचारला त्याच शब्दांत टिपून घ्या. ‘फासा पटाबाहेर पडला तर?’ हे माझ्या पुस्तिकेतलं शीर्षक एका खेळाडूच्या तोंडून जसंच्या तसं आलेलं आहे.