आगोटीच्या बेगमीत पाणीही धरा

मे महिना लागला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आगोटीची बेगमी, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची साठवण, सुरू होते. मीठ, सुकी मासळी, आमसुलं, जळाऊ लाकडं, सगळं पडवीत येऊन पडतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस झेलणाऱ्या याच गावांत तेव्हा बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघत उभ्या असतात. इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर शिमग्यानंतर तळ दाखवू लागते. म्हणून माझं सांगणं असं, की आगोटीच्या यादीत छपरावरच्या पाण्याची सोयही लिहा आणि ती मृगाच्या आधी पुरी करा.

पहिलं काम वही-पेनाचं. घरात चार माणसं असतील तर पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरा, म्हणजे दिवसाला ४०. एप्रिलच्या १ तारखेपासून मृगापर्यंत साधारण ७० दिवस होतात, म्हणजे २,८०० लिटर. आता छप्पर मोजा, पण शिडी लावून नव्हे. वळचणीपासून आढ्याच्या खालपर्यंतचं अंतर जमिनीवरच मोजायचं, कारण पाऊस सरळ खाली धरला जातो, उताराची लांबी हिशेबात येत नाही. एका पाख्याचं, म्हणजे छपराच्या एका बाजूच्या उताराचं, माप २५ फूट बाय २० फूट निघालं तर ते ५०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. जुलैत एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस आमच्याकडे सहज होतो. त्यातलं पाचवा हिस्सा कौलांत मुरलं, बाहेर उडालं असं धरलं तरी ३,७०० लिटर उरतात. उन्हाळ्याचं पिण्याचं पाणी एका पाख्यावरून एका दिवसात मिळतं. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा तीनदा तपासून पाहिला होता.

म्हणून पूर्ण छपराला पन्हळी लावत बसू नका. एक पाखं निवडा, ज्याच्यावर आंब्या-फणसाची फांदी येत नाही असं. येत असेल तर ती मेमध्येच उतरवा. कौलं झाडून पातेरा काढा, फुटकी कौलं बदला, शेवाळ ब्रशने खरवडा. छप्पर सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं किंवा रंग सुटू लागलेल्या पत्र्याचं असेल तर ते पाणी गुरांच्या गोठ्याला आणि झाडांना वापरा, पिऊ नका.

पन्हळ पूर्वी पोफळीचं खोड चिरून करत. आता सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला की दोन पन्हळी होतात. दर दोन-अडीच फुटांवर पट्टीचा आधार हवा, नाहीतर भरल्या पन्हळीच्या वजनाने मधेच पोट सुटतं आणि तिथे पाणी साचतं. दहा फुटांना एक इंच उतार पुरतो. खरी चूक होते ती जागेची. रिमझिम पावसात पागोळी कौलाच्या कडेलगत गळते आणि मुसळधार पावसात वीतभर पुढे उडते, तेव्हा दोन्ही पन्हळीत पडली पाहिजेत. त्यामुळे पन्हळीची आतली कड कौलाच्या काठाखाली घ्या आणि बाहेरची कड थोडी वर ठेवा. वळवाची एखादी सर आली की छत्री घेऊन खळ्यात उभं राहून हे नीट बघून घ्या.

पन्हळीतून खाली येणाऱ्या पाइपाला टी जोडून एक वाट बाहेर काढा. हा सगळ्यात स्वस्त भाग, आणि लोक नेमका हाच गाळतात. उन्हाळाभर छपरावर धूळ, पाखरांची विष्ठा, उंदरांचं मूत साठलेलं असतं. मृगाचा पहिला आठवडाभर ते पाणी सगळं बाहेर सोडा, हळहळू नका, पाऊस पुष्कळ शिल्लक आहे. पुढेही तीन-चार दिवसांची उघडीप पडली की नंतरचा पहिला दोन मिलिमीटर पाऊस टाकीत घ्यायचा नाही. आपल्या पाख्यावर ते सुमारे ९० लिटर होतात. त्यासाठी हातभर लांबीचा चार इंची पाइप उभा करून भागत नाही, त्यात मीटरला जेमतेम ८ लिटर मावतात. १०० लिटरचा पिंप ठेवा आणि ते पाणी भांड्यांना, संडासाला वापरा.

गाळणीला तोंड उघडणारा दुसरा पिंप लागतो. तळाला गोटे, त्यावर बारीक खडी, मग करवंटीचा कोळसा, वर जाड वाळू, आणि प्रत्येक थरामध्ये जाळी. वाळू नदीची, समुद्राची नको, आणि पाणी निवळ दिसेपर्यंत धुतलेली. सर्वांत वर जुन्या सुती लुगड्याचा चौपदरी तुकडा ताणून बांधा, तो आठवड्याला काढून धुता येतो. कोळसा दरवर्षी नवा.

टाकी शेवटी आणा. एक ३,००० लिटरची घेण्यापेक्षा दीड-दीड हजाराच्या दोन बऱ्या, एक धुताना दुसरी चालू राहते. भरलेली एक टाकी दीड टनाची, तेव्हा चौथरा चिऱ्यांचा आणि सपाट हवा. तोटी तळापासून चार बोटं वर, गाळ काढायला तळाशी वेगळी वाट. रंग गडद, जागा सावलीची, झाकण घट्ट. मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत जवळजवळ प्रत्येक विहाराशी खडकात खोदलेलं टाकं आहे. वर कातळात पाणी आणणाऱ्या पन्हळी, खाली लहान तोंड आणि आत अंधार. तिथल्या शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हणतात. उजेड आत गेला नाही तर शेवाळ धरत नाही, हे ती टाकी खोदणाऱ्यांना ठाऊक असावं.

जास्तीचं पाणी बाहेर पडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधायला विसरू नका. एका वर्षी माझ्याकडून ती राहिली. एप्रिलमध्ये टाकी उघडली तर पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या आणि दीड हजार लिटर पाणी माडांच्या आळ्यात सोडावं लागलं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. त्या दिवशी आईने काही म्हटलं नाही, हंडा उचलून ती टँकरच्या रांगेत गेली. ते मला अजून लागून राहिलं आहे.

भरण्याचा क्रम असा ठेवा. जून-जुलैचं पाणी रोज वापरा, टाक्या भरतील आणि वाहतील, वाहतं पाणी जोत्यापासून लांब न्या. ऑगस्टच्या शेवटी पाऊस चालू असतानाच एकेक टाकी रिकामी करून घासा आणि पुन्हा भरू द्या. उन्हाळ्यासाठी ठेवायचं पाणी हे, महिनोन् महिने धुतलेल्या कौलांवरचं. हस्ताचा पाऊस आला तर वरची तूट भरून घ्या, पण त्याच्या भरवशावर टाकी रिकामी ठेवू नका. मग येणारी वाट बंद करून झाकणावर तारीख लिहा.

वापर सुरू करण्याआधी एच-टू-एसची बाटली, म्हणजे पाण्यातले जंतू तपासायची तयार बाटली, आणून पाणी तपासा, बाटलीतलं पाणी काळं पडलं तर त्यात जंतू आहेत. ब्लीचिंग पावडर हजार लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे दीड हजाराच्या टाकीला ३.७५ ग्रॅम. काट्यावर तोलून, मगात कालवून, चुना खाली बसला की वरची निवळी ओतायची आणि तासभर थांबायचं. पावडर ताजी आणि बंद डब्यातली हवी. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल तर त्याच्यासाठी हे पाणी वर उकळूनही घ्या.