स्लॅक बॉट एकाच प्रश्नाला चारचार उत्तरं देत होता : माझा अनुभव

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात स्लॅकवर (कामाच्या गप्पांचं अ‍ॅप) एक बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, आहे. 'आज रात्री शिफ्टला कोण?' विचारलं की रोस्टर (शिफ्टचं वेळापत्रक) बघून नाव सांगतो. पावसात लोकल रखडल्या की सगळे त्यालाच विचारतात आणि नेमकं तेव्हाच तो तेच उत्तर पुन्हापुन्हा द्यायचा. दुसरं लगेच, तिसरं मिनिटभराने, चौथं आणखी पाचेक मिनिटांनी.

या अंतरानेच धागा सापडला. कुणी प्रश्न विचारला की स्लॅक त्याची सूचना, म्हणजे इव्हेंट, आमच्या सर्व्हरला पाठवतो. त्यावर स्लॅकला ३ सेकंदांत २०० ('मिळालं' सांगणारा एचटीटीपी कोड) हवा असतो. नाही मिळाला, तर तोच इव्हेंट ३ वेळा परत येतो : जवळजवळ लगेच, मग १ मिनिटाने, मग ५ मिनिटांनी. लॉगमध्ये हेडर (विनंतीसोबत येणारी माहिती) छापून घेतले. 'एक्स-स्लॅक-रिट्राय-नम' (कितव्यांदा परत पाठवलं) १, २, ३ आणि कारण 'एचटीटीपी_टाइमआउट'. गर्दीत रोस्टरची क्वेरी (डेटाबेसमधला शोध) रेंगाळायची आणि ती संपेपर्यंत २०० जातच नव्हता.

आता हँडलर (इव्हेंट स्वीकारणारा कोड) फक्त विनंतीची सही तपासतो, म्हणजे ती स्लॅककडूनच आली ना ते बघतो, इव्हेंट रांगेत टाकतो आणि तिथल्या तिथे २०० देतो. क्वेरी नंतर वर्कर, म्हणजे मागे चालणारा वेगळा प्रोग्रॅम, चालवतो. शिवाय 'इव्हेंट_आयडी' (इव्हेंटची ओळख) रेडिस या झटपट डेटाबेसमध्ये ठेवतो, तोच पुन्हा आला तर सोडून देतो. रिट्राय हेडर दिसला की विनंती सरळ फेकून द्या, असंही काही जण सुचवतात. मला ते अजिबात पटत नाही. सर्व्हर रीस्टार्ट होताना पहिली विनंती हुकली, तर विचारणाऱ्याचा प्रश्न रिट्रायमुळेच वाचतो.

स्लॅश कमांडलाही ('/' ने सुरू होणारा आदेश) ३ सेकंदांचीच मर्यादा आहे. तिथे आधी 'बघतोय' एवढं पाठवा, खरं उत्तर नंतर विनंतीसोबत आलेल्या 'रिस्पॉन्स_यूआरएल' या पत्त्यावर. तो ३० मिनिटं चालतो, जास्तीत जास्त ५ वेळा.